घोड्याच्या खुरांतील सूज आणि चंदीचें माप

घोड्याच्या दुखण्यांपैकीं पोटशूळ धन्याच्या लागलाच ध्यानांत येतो. जनावर लोळतें, घामानें निथळतें व सारें घर जागें करतें. खुरांतील सुजेचा प्रकार निराळा आहे. घोडी रात्रीं दावें तोडून खळ्यांतील मक्याच्या राशीवर जाते, पोटभर खाते आणि सकाळीं पाहावें तों धडधाकट दिसते. धनी दोन शब्द बोलून तिला पुन्हां बांधतो. दुसरा दिवस उजाडतो तों तिला पाऊल उचलवत नाहीं. मग कोणी काटा शोधतो, कोणी नालबंदास दोष देतो. प्रस्तुत लेखाचा मुख्य रोख ह्या मधल्या दिवसावर आहे. लंगडेपणा दिसल्यावर उपचार आरंभणें म्हणजे मुदत टळल्यावर अर्ज देण्यासारखें होय.

ह्या रोगास पशुवैद्य लॅमिनायटिस म्हणतात. घोड्याच्या खुरांतील हाड तळव्यावर नुसतें टेकलेलें नसतें. तें खुराच्या भिंतीस आंतून टांगलेलें असतें. ही टांगणी म्हणजे एकांत एक गुंतलेले पातळ पदर. एका खुरांत ते सुमारें ५५० ते ६०० असतात. दोन वह्यांचीं पानें एकाआड एक घालून दाबलीं म्हणजे त्या वह्या ओढून सुटत नाहींत, तशीच ही जोडणी समजावी. पदर बिघडले म्हणजे पकड सुटते, देहाच्या भारानें हाड फिरतें अथवा खालीं बसतें, आणि फारच झालें तर तळवा फोडून बाहेर येतें. कठीण खुरास सुजेबरोबर फुगतां येत नाहीं, त्यामुळें वेदना असह्य होतात.

पोटांतल्या दाण्याचा पायाशीं काय संबंध, अशी शंका वाचकांस येईल. मक्याच्या वजनाचा सुमारें दोनतृतीयांश भाग पिष्ट असतो. एका वेळीं फार दाणा गेला तर तो लहान आंतड्यांत पुरता पचत नाहीं. मोठ्या आंतड्यांत उतरून आंबतो. अम्ल वाढतें, वैरण पचविणारे सूक्ष्म जंतु मरतात आणि विषारी द्रव्यें रक्तांत शिरतात. खाणें व लंगडणें यांत बहुधा सोळा तासांपासून दोन दिवसांपर्यंत अंतर पडतें तें ह्यामुळें. ही ओळख कांहीं आजची नव्हे. इ. स. पूर्वीच्या चवथ्या शतकांत झेनोफन या ग्रीक ग्रंथकारानें अश्वविद्येवरील आपल्या पुस्तकांत सातूच्या अतिसेवनानें होणाऱ्या रोगाचा उल्लेख केलेला आहे.

तेव्हां दाणा खाल्ल्याचें कळतांच, जनावर कितीही आनंदी दिसो, पशुवैद्यास बोलवावें आणि किती दाणा गेला असावा याचा अंदाज सांगावा. तो नाकांतून नळी घालून पोटांत औषध सोडील. हें घरीं करूं नये. नळ्यानें तेल पाजतांना तें फुप्फुसांत जाऊन जनावर दगावण्याची भीति असते. तोंवर चंदी अजिबात बंद करून केवळ वाळलें गवत व पाणी पुढें ठेवावें, आणि बर्फाची लादी आणवावी. पाय घोट्याच्या वरपर्यंत बर्फ व पाणी यांच्या मिश्रणांत ठेवावे. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे खालून बांधून मोज्यांप्रमाणें चढविले व त्यांत बर्फ भरीत राहिलें म्हणजे काम भागतें. हें दोन ते तीन दिवस अखंड चाललें पाहिजे. घटकाभर पाणी मारून कांहीं साधत नाहीं.

रोग प्रकट झाल्याचीं चिन्हें अशीं: घोडा पुढचे पाय पुढें टाकून भार टांचांवर घेतो; वळवितांना फार दुखतें; खूर हातास ऊन लागतो; घोट्याच्या मागें दोन्ही अंगांस बोट ठेवल्यास नाडी जोरानें उडते. अशा वेळीं "पाय मोकळे होतील" म्हणून जनावर फिरविण्याची चाल अद्याप कित्येक ठिकाणीं आहे. ती सर्वस्वीं घातक होय, कारण प्रत्येक पावलास उरलेले पदर फाटतात. रक्त काढणें व डाग देणें हेही उपाय सोडून द्यावे. घोडा जागीं ठेवावा, खालीं नदीची वाळू वीतभर पसरावी, निजूं लागला तर निजूं द्यावा. वेदना शमविण्याचें औषध पशुवैद्याच्याच हातून द्यावें.

आतां दुसरा प्रकार. राशीवर कधीं न गेलेला, दारांत बांधलेला लठ्ठ घोडाही ह्या रोगास बळी पडतो. मानेवर चरबीचा कठीण वळ, शेपटीच्या मुळाशीं गोळे, फासळी हातास न लागणें, हीं त्याचीं लक्षणें. आणि आमचे लोक ह्यासच घोड्याचें तेज समजतात! अशा जनावराच्या रक्तांत इन्सुलिन फार वाढतें. इ. स. २००७ मध्यें ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड येथील संशोधकांनीं निरोगी तट्टांच्या रक्तांत इन्सुलिन वाढवून ठेवलें, तेव्हां तीन दिवसांच्या आंत त्यांस हा रोग झाला. अर्थात् गोडाचा व पिष्टाचा चारा हाच येथें शत्रु होय.

म्हणून गूळ, उसाचे वाढे, मका, बाजरी आणि बागेंतून उरलेलीं द्राक्षें व बेदाणे अशा घोड्यास देऊं नयेत. द्राक्षें फुकट पडलेलीं असतात, त्यांचाच मोह निफाड-दिंडोरीकडे अधिक. हिरवा ओट व गहू यांच्या अंगीं थंडींत साखर साठते. निफाडास रात्रीं पारा ५ अंशांजवळ जातो व दिवसा ऊन लखलखीत असतें, त्या दिवसांत हा चारा विशेष जपून घालावा. मुख्य भर वाळल्या डोंगरी गवतावर असावा. तें तासभर पाण्यांत भिजवून पाणी ओतून दिलें म्हणजे त्यांतील बरीच साखर निघून जाते. लसूणघास अगदीं थोडा द्यावा.

किती द्यावें, हें मात्र नजरेनें ठरवूं नये. छातीचा घेर सेंटिमीटरांत घेऊन त्याचा वर्ग करावा, खांद्याच्या टोंकापासून ढुंगणाच्या टोंकापर्यंतच्या लांबीनें गुणावें व ११,८८० नीं भागावें. उत्तर किलोंत येतें. घेर १५० व लांबी १३५ असल्यास वजन सुमारें २५६ किलो. लठ्ठ जनावरास त्याच्या शेंकडा दीड, म्हणजे दिवसास पावणेचार किलोंच्या आसपास वाळला चारा, तीनचार वेळां विभागून द्यावा. ह्याहून कमी करूं नये. उपाशी ठेवलेल्या लठ्ठ तट्टाच्या रक्तांत चरबी उतरून तें मरतें, हें न जाणून कित्येक जण एका टोंकाहून दुसऱ्यास जातात. इ. स. १६७० च्या दशकांत शिवाजी महाराजांनीं चिपळूण भागांतील आपल्या लष्कराच्या अंमलदारांस लिहिलेल्या पत्रांत दाणा-वैरण बेतानें खर्चण्याची सक्त ताकीद आहे. त्यांस चिंता तुटवड्याची होती, आपणांस अतिरेकाची आहे. पण चंदी मापूनच द्यावी, हें दोहोंकडे सारखेंच लागू पडतें.

खुरांची छाटणी सहा ते आठ आठवड्यांनीं करवावी व पुढचें टोंक लांब वाढूं देऊं नये. येवल्याच्या मंगळवारच्या बाजारांत किंवा सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत घोडा पसंत करतांना अंगावरील तकाकी मागाहून पाहावी. आधीं पुढच्या खुरांवरील वळीं पाहावीं. तीं सर्वत्र सारख्या अंतरावर असल्यास चिंता नाहीं. पुढें जवळजवळ येऊन टांचेकडे फांकत गेलेलीं दिसलीं तर त्या घोड्यास हा रोग पूर्वीं होऊन गेला असण्याचा दाट संशय घ्यावा. विकणारा कांहींही सांगो, पशुवैद्याकडून क्ष-किरणांची तपासणी झाल्याशिवाय विसार देऊं नये.