आधी ताकद भरू दे

नाशिक

चि. सई हिस,


आंघोळ करून आलं तरी दहा मिनिटं पलंगावर टेकावं लागतं, ऑपरेशनला महिना झाला, आता हा माझा आळसच असेल, असं तू काल फोनवर म्हणालीस. लहानपणापासून वजनावरून तुला ‘आळशी’ म्हणणारे कमी नव्हते. आता तूच स्वतःला तसं म्हणू लागलीस याचं मला फार वाईट वाटलं. रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं काढल्यावर तुला ठामपणे सांगते, हा आळस नाही.

वजन कमी करायच्या या स्लीव्हच्या ऑपरेशनमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. पोटावर चार-पाच बारीक व्रण दिसतात, म्हणून बघणाऱ्याला ते किरकोळ वाटतं. आत मात्र टाक्यांची लांबच लांब रेघ भरून येत असते, आणि त्याच काळात पोटात अन्न जातं पूर्वीच्या पाव हिश्श्याइतकंही नाही. यकृतातला साखरेचा साठा पहिल्या काही दिवसांतच संपतो. मग चरबी जाळून भागवायचं. त्यात प्रथिनं कमी पडली तर शरीर स्नायूही मोडून खातं, आणि जिना चढताना पाय लटपटतात ते त्यामुळेच.

म्हणून प्रथिनांकडे डोळ्यांत तेल घालून बघ. साधारण दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतात. तुझा नेमका आकडा तुझ्या आहारतज्ज्ञांकडून घे. आमची ताई मायेने वरणावरचं पाणी पाजते, पण त्यात प्रथिनं नावापुरती असतात आणि तुझं इवलंसं पोट मात्र भरून जातं. एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात. घट्ट दही, मऊ पनीर, सांगितलेली पावडर हे आधी, भाताची पेज नंतर. डिंकाच्या लाडवांना तर सध्या हातही लावू नकोस. गोड खाल्ल्यावर काहींना घाम फुटतो, धडधडतं आणि गळून गेल्यासारखं होतं. ताई रागावली तर मी तिच्याशी बोलते.

पाणी दीड ते दोन लिटर, पण घोट घोट, आणि जेवणानंतर अर्धा तास सोडून. दुपारी डोकं जड झालं, लघवी गडद पिवळी दिसली, तर आधी पाण्याचा हिशेब कर. पुष्कळदा थकव्याचं मूळ तिथेच सापडतं.

उठताना अंधारी येते म्हणालीस, ते अंगावर काढू नकोस. वजन उतरतं तसा रक्तदाबही उतरतो आणि जुन्या मात्रेची गोळी जास्त होऊ शकते. आजच डॉक्टरांना फोन कर. गोळी मनाने बंद करू नकोस. बी-१२ शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो, तेव्हा त्याच्या आणि इतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आता जन्मभराच्या सोबतिणी समज. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेव, आणि लोहाच्या गोळीवर चहा घेऊ नकोस.

सई, हे मात्र नीट वाच. ताप, स्वस्थ बसूनही जोरात चालणारी नाडी, धाप, छातीत दुखणं, पोटात वाढती कळ, पोटरीला सूज, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. उलट्या थांबत नसतील तरीही तेच. उलट्यांमुळे शरीरातलं बी-१ संपलं तर तोल जातो, दिसणं बिघडतं, भ्रम होतो आणि उपचाराला उशीर परवडत नाही. अशा वेळी ‘उगाच कशाला त्रास द्यायचा’ हा तुझा स्वभाव बाजूला ठेव.

एरवी दिवसातून पाच-सहा वेळा दहा-दहा मिनिटं घरातल्या घरात चाल आणि दुपारी निर्धास्त झोप. बादली, सिलिंडर आणि आपला बाळ्या, डॉक्टर हो म्हणेपर्यंत काही उचलायचं नाही. तो हट्टाला पेटला तर तू खाली बस आणि त्याला शेजारी घे.

बँकेत सोमवारी रुजू होण्याची घाई कशासाठी? डॉक्टरांकडून आणखी पंधरा दिवसांचं पत्र माग. शाखेत कुणी काही बोललं तर बोलू दे. तपासणीचे रक्ताचे रिपोर्ट आले की मला फोटो पाठव, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन मला बघायचं आहे. रविवारी मी पुण्याला येतेच आहे. मऊ मुगाचं धिरडं तुला चालेल का, ते तुझ्या आहारतज्ज्ञांना विचारून ठेव, म्हणजे येताना पीठ दळून आणते.

तुझी,
मावशी