कोणाचं ऐकायचं?

अमेरिकेत घरी विमान बांधता येतं, हे नाशिकच्या नातेवाइकांना अजूनही पटत नाही. पण तसा नियम आहे: निम्म्याहून अधिक बांधणी हौशी माणसाने स्वतः केलेली हवी, आणि तीही शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी. (यातलं नक्की काय चाललंय, असं बायको अधूनमधून विचारते.) आमचं विमान चार आसनी आरव्ही-१०, ओरेगनच्या व्हॅन्स कंपनीच्या किटमधून उभं राहिलेलं. पंख, शेपूट, इंजिन यांच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. मला मात्र विचार करायला लावला तो ऑडिओ पॅनलने.

१. ज्याच्याकडे कोणी बघत नाही, नेमकं तेच सगळ्यांच्या मध्ये असतं. हँगरमध्ये येणारा प्रत्येक जण आधी स्क्रीन बघतो, मग इंजिनाची चौकशी करतो. ऑडिओ पॅनल म्हणजे रेडिओंच्या रांगेतली बटणांची बुटकी पट्टी, ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण दोन रेडिओ, चार हेडसेट, फोनवरची गाणी, धोक्याच्या सूचना, सगळे आवाज तिच्यातूनच जातात. साहेबाच्या केबिनबाहेर बसलेल्या शिपायासारखं तिचं काम: आपण काही बोलायचं नाही, फक्त आत कोणाला सोडायचं ते बघायचं. आणि या शिपायाला नियम शिकवायचे असतात आपणच.

२. खरं काम पक्कड हातात घेण्याआधीच होतं. कुठल्या पिनवर कुठली वायर, हे काढण्यात माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हा भाग आपल्या डाव्या हातचा मळ, अशी समजूत होती. पण तो आराखडा फक्त वायरींचा नव्हताच. काही इनपुटना बंद-चालूचं बटण असतं, काहींना मुद्दामच नसतं. स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल सुटू लागल्याची सूचना, ऑटोपायलट सुटल्याची खूण, या बिनबटणाच्या वाटेने सोडायच्या. गाणी अर्थातच बटणाच्या वाटेने. उद्या कंटाळलेला, दमलेला मी ज्यांना गप्प करू शकणार नाही, अशांची यादी आज ताज्या डोक्याने करायची होती. असा विचार मी आयुष्यात दुसऱ्या कशाबद्दलही केलेला नाही.

३. शांतता आपोआप मिळत नाही, ती बांधावी लागते. हेडसेटमध्ये इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी बारीक शिट्टी ऐकू आली, तर ती बहुधा अल्टरनेटरची असते आणि बहुधा ग्राउंडच्या चुकीच्या वाटेने आलेली असते. म्हणून वायरीवरचं जाळीचं शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करायचं, पॅनलच्या बाजूला. दुसरं टोक मोकळं सोडायचं. हेडसेटचे जॅकसुद्धा विमानाच्या धातूला टेकू द्यायचे नाहीत, त्यांच्याभोवती फायबरचे वॉशर घालायचे. दोन्ही टोकं जोडली तर जास्त पक्कं होईल, असं मन सारखं सांगत राहतं. इथे मनाचं ऐकायचं नसतं. जादा जोडणीने एक वळसा तयार होतो आणि दुसऱ्यांचे प्रवाह त्यातून फिरू लागतात.

४. नवं यंत्रही जुन्याच वळणाने चालतं. पॅनलमध्ये ब्लूटूथ होतं. त्याला जोडायच्या हेडसेटला मात्र दोन वेगळ्या जाडीच्या पिना: ऐकण्याची पाव इंचाची, माइकची त्याहून थोडी बारीक. माइकच्या वायरीतून थोडा डीसी व्होल्टेजही सोडावा लागतो, कारण एके काळचे कार्बनचे माइक त्याशिवाय चालत नसत. ते माइक केव्हाच गेले. त्यांच्या जागी आलेले मात्र त्याच व्होल्टेजवर चालतील असे बनवले गेले. आमच्या धंद्यात पाच वर्षांपूर्वीचं लिखाण दिसलं की आम्ही नाकं मुरडतो. इथे जुनं आणि नवं एकाच जॅकमध्ये बिनतक्रार बसतं. नाक मुरडणं मी थोडं कमी केलं आहे.

५. हाताला जे कळतं ते डोक्याला उशिरा कळतं. पॅनलच्या मागच्या कनेक्टरमध्ये ४४ पिना, तांदळाच्या दाण्याहून बारीक. सोल्डर नाही, प्रत्येक पिन क्रिम्प करायची. मग वायर हलकेच ओढून बघायची आणि पिन कनेक्टरमध्ये टक् करून बसली की पुढची. हा ‘टक्’ कोणाला समजावून सांगता येत नाही. शेजारच्या हँगरमधला निवृत्त मेकॅनिक एकदा माझ्या नीटनेटक्या, ताणलेल्या वायरी बघून म्हणाला, “थोडी ढील ठेव. उद्या कोणीतरी हे बाहेर ओढून दुरुस्त करणार आहे.” तो कोणीतरी डॅशबोर्डखाली उताणा पडलेला मीच असणार, हे त्याने सौजन्याने सांगितलं नाही.

६. बोलण्याचं बटण हे खरं तर ऐकणं थांबवण्याचं बटण आहे. विमानांचा रेडिओ एएमवर चालतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघे एकदम बोलले की बाकीच्यांना शब्दांऐवजी चीत्कार ऐकू येतो. २७ मार्च १९७७ला टेनेरिफच्या विमानतळावर, टॉवर केएलएमच्या विमानाला थांबायला सांगत असतानाच पॅन अ‍ॅमचा वैमानिक आपण अजून धावपट्टीवर असल्याचं सांगत होता. दोन्ही वाक्यं एकमेकांवर आदळली. त्या दोन विमानांच्या टकरीची कारणं अनेक होती, पण ५८३ माणसांच्या मृत्यूच्या त्या कथेत हा चीत्कारही आहे. बोलण्याच्या बटणाची साधी वायर जोडताना हे आठवलं आणि हात सावकाश चालू लागला. आता बटण दाबण्याआधी मी क्षणभर थांबतो. घरी मात्र ही सवय अजून लागलेली नाही.

७. यंत्राची खरी परीक्षा ते बंद करून घ्यावी. पॅनलची वीज गेली तर वैमानिकाचा हेडसेट आपोआप थेट पहिल्या रेडिओला जोडला जातो. इंटरकॉम, गाणी, दुसरा रेडिओ, सगळं जातं. एक माणूस आणि एक रेडिओ उरतो. म्हणून त्या जागी कुठला रेडिओ जोडायचा, हेही आधीच ठरवावं लागतं. मी जमिनीवरच पॅनलचा ब्रेकर ओढला आणि टॉवरला हाक मारली. उत्तर आलं. सगळे दिवे लागल्यावर झाला होता त्याहून जास्त आनंद मला तेव्हा झाला.

८. आपल्या माणसांना गप्प करायचं बटण बसवणं सोपं, दाबणं अवघड. ‘आयसोलेट’ केलं की वैमानिक आणि रेडिओ एकीकडे, बाकीचे आपसांत बोलायला मोकळे. तांत्रिकदृष्ट्या यात काहीच विशेष नाही. पण आई-बाबा नाशिकहून आले, मागच्या आसनांवर बसले, आणि उतरण्याच्या ऐन घाईत “अरे, ती नदी कुठली?” असं सुरू झालं. टॉवरही तेव्हाच काहीतरी सांगत होता. मला तेव्हा लाज वाटली, तरी बटण दाबलं. नदी राहून गेली.

खाली उतरल्यावर बाबांनी विचारलं, “मध्येच तू आमचं ऐकणं बंद केलंस ना?” मी चाचरत हो म्हणालो. “बरं केलंस,” बाबा म्हणाले, “आम्ही तुझ्याबद्दलच बोलत होतो.”