ब्रश कटर घेताय? आधी झुडपाचं गणित समजून घ्या



यूट्यूबवर तुम्ही बघितलंच असेल. परदेशात पाइनची नवी लागवड, मैलभर सपाट रान, आणि मधनं एक अजस्र मशीन झुडपांचा भुगा करत चाललंय. व्हिडिओ बघून आपली पोरं विचारतात, "सर, हा धंदा आपल्याकडं चालंल का?"

चालंल. पण ते मशीन नाही चालणार. पाटण, जावळी, शिराळ्याकडची रानं म्हणजे उतार, ताली, दगडी बांध आणि दहा-दहा गुंठ्यांचे तुकडे. आपल्याकडं पाइनही नाही. आपल्याकडं आहे आंब्याची घन लागवड, बांबू, साग, सिल्व्हर ओक. अडचण मात्र तीच आहे. रोप गुडघ्याएवढं आणि झुडूप डोक्याएवढं. पहिली तीन वर्षं ऊन, पाणी आणि जागा यासाठी रोपाची झुडपाशी मारामारी चालते, आणि मालक बऱ्याचदा मुंबई-पुण्यात नोकरीला असतो. गिऱ्हाईक इथं आहे.

आता खरी गोष्ट ऐका. आपल्या बॅचमधल्या एका मुलानं ब्रश कटर घेतला. पहिलंच काम मिळालं, दोन एकर आंबा, दुसऱ्या वर्षाची लागवड. एकरी चार हजार, म्हणजे आठ हजाराला ठरवून टाकलं. बांधावरनंच बघितलं, गवत वाटलं, दोन दिवसांचं काम धरलं. आत गेल्यावर कळलं, निम्म्या रानात घाणेरी! चार दिवस लागले. वर नायलॉनची दोरी रोपांच्या बुंध्याला लागून अकरा रोपांची साल गोल निघाली. महिन्याभरात ती वाळली. मालकानं पैसे तर कापलेच, शिवाय शेजारच्या दोन वाड्यांत नाव सांगितलं.

मुलाची चूक मशीन चालवण्यात कमी आणि मोजण्यात जास्त होती. वहीत लिहून घ्या. खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही तुमचे टाका.

मशीन 20,000 रुपयांचं आणि ते 500 तास चालेल असं धरलं, तर तासाला 40 रुपये नुसती झीज. पेट्रोल-ऑइल 85. ब्लेड, दोरी, ग्रीस, सर्व्हिसिंग 35. चालवणाऱ्याची हजेरी 800 आणि मदतनिसाची 500. पण आठ तासांच्या दिवसात मशीन खरं किती चालतं? पाच तास! बाकी वेळ चहा, पेट्रोल, दोरी बदलणं, दगड बघणं यात जातो. म्हणून हजेरीला आठनं नाही, पाचनं भागायचं: 160 आणि 100. गाडीचे दिवसाला 200 धरले तर तासाला 40. बेरीज करा, 460 रुपये तास. दिवसाचे 2,300. चार दिवसांचे 9,200. म्हणजे आठ हजाराच्या कामात पोरगं बाराशे रुपये घरचे घालून आलं, आणि पैसे कापले ते वेगळेच. तुम्ही मालक म्हणून नफा धरणार असाल तर तासाला साधारण 575 च्या खाली उतरू नका. एकरी दर सांगायचाच असेल तर आधी एक गुंठा कापून घड्याळ लावा, त्याला चाळीसनं गुणा आणि मगच तोंड उघडा.

आता झुडपाकडं वळू. इथं जो अभ्यास करेल तोच टिकेल, कारण प्रत्येक झुडपाचं वागणं वेगळं आहे.

घाणेरी, आपल्याकडं टणटणीही म्हणतात. इंग्रजांच्या काळात बागेतली शोभेची म्हणून आली आणि रानभर झाली. फळं पाखरं खातात, बी लांब जातं. वरनं कापली की बुडख्यातनं दुप्पट फुटवे येतात. तुम्ही जूनमध्ये कापली आणि मालक दिवाळीला आला, तर तो म्हणणार, "अहो, काय केलं तुम्ही?" घाणेरीला मशीननं वरचा पसारा काढा, मग कुदळीनं मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटं तोडा. फुटवे जिथनं येतात तो भाग निघून गेला पाहिजे. काढलेलं ठोंब उलटं, मुळं वर करून ठेवायचं, म्हणजे पुन्हा मातीला धरत नाही. हे काम वेळखाऊ आहे, म्हणून याचा दर वेगळा लावा. आणि हो, कापलेली घाणेरी जनावरांपुढं पडू देऊ नका, ती विषारी असते.

रानमोडी पश्चिमेकडच्या ओल्या पट्ट्यात जास्त. तिचं बी वाऱ्यावर जातं, म्हणून थंडीत फुलून बी धरायच्या आत कापणं महत्त्वाचं. उन्हाळ्यात वाळली की पेट घ्यायला एक काडी पुरे. गाजर गवत 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं, आता ते कुठं नाही ते सांगा. ते फुलायच्या आत ओल्या जमिनीतनं हातमोजे घालून उपटायचं. फुलावर आलेल्यात मशीन घातलं तर अंगाला खाज आणि दम्याच्या माणसाला त्रास.

माण, खटाव, आटपाडी, जतकडं गोष्टच निराळी. पाऊस कमी, झुडूप कमी, पण वेडी बाभूळ आहे. काटा बुटातनं आत जातो आणि बुडखा राहिला की पुन्हा फुटते. तिकडं सगळं रान टक्कल केल्यासारखं साफ करू नका. ओळीतलं कापा, मधलं गवत आखूड ठेवा आणि कापलेलं रोपाच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाका, बुंध्यापासून चार बोटं लांब. ओल टिकते. मालकाला हे समजावून सांगितलं की तुम्ही मजूर राहत नाही, सल्ला देणारे होता.

करवंदाची जाळी दिसली तर मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नका. ती कुंपण आहे, आणि उन्हाळ्यात घरच्या बाईचे चार पैसेही.

रोप वाचवायची पद्धत सोपी आहे, पण कंटाळा करू नका. मदतनीस आधी जातो. प्रत्येक रोपाशेजारी काठी रोवून लाल चिंधी बांधतो, आणि विळ्या-खुरप्यानं रोपाभोवती दीड फूट गोल हातानं साफ करतो. त्या गोलात मशीन न्यायचंच नाही. पाच बाय पाच मीटरवर आंबा असेल तर एकरात साधारण 160 रोपं, म्हणजे 160 गोल. हा वेळ दरात धरा. जाड झुडपाला लोखंडी ब्लेड, गवताला नायलॉन. मदतनीस चिंध्या बांधून पुढं गेला की मगच मशीन चालू करा. चालू मशीनपासून पन्नास फुटांत कुणी नको. चष्मा, बूट, पायाला गार्ड पाहिजेच. चप्पल घालून आलेल्या माणसाला मी कामावरनं परत पाठवतो, राग आला तरी चालेल. काठीनं झुडूप आधी हलवून घ्या. फुरसं, घोणस असतात, गांधीलमाश्यांचं पोळं असतं.

रोप मेलं तर मालकाचं किती जातं हेही कळू द्या. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत मिळतं, 50, 30 आणि 20 टक्के, आणि पुढचे हप्ते झाडं किती जगली यावर असतात. तुमच्या दोरीनं वाळलेलं रोप म्हणजे त्याच्या हप्त्यावर घाला. हेच उलटं करून विका: "साहेब, झाडं मोजून ताब्यात घेतो, मोजून परत देतो." पहिल्या दिवशी दोघांनी मिळून मोजायची, मोबाइलवर फोटो काढायचे.

आणि एक वेळचं काम घेऊच नका. वर्षाच्या तीन फेऱ्या विका. पहिली पाऊस लागल्यावर तण वर आलं की. दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबरात, बी धरायच्या आत. तिसरी जानेवारीत, वणव्याच्या आधी. या फेरीत बांधाच्या कडेनं दहा-बारा फुटांचा पट्टा मातीपर्यंत साफ करून वाळलेलं बाहेर काढायचं. पहिल्या फेरीला चार दिवस लागले तर पुढच्यांना कमी लागतात, तुमचा नफा तिथं आहे. झाडांची सावली जमिनीवर पडायला लागली की हे काम आपोआप कमी होतं, म्हणून तोवर नवी गिऱ्हाइकं जोडत राहा.

दोन कागदाच्या गोष्टी. काम घेण्याआधी सातबारा बघा. कोयना-चांदोलीच्या बाजूला मालकी रान कुठं संपतं आणि वनखात्याचं कुठं सुरू होतं ते डोळ्यांना कळत नाही. शंका असेल तर वनरक्षकाला विचारा. दुसरं, मशीनला अनुदान हवं असेल तर महाडीबीटीवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करून बघा. पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी करायची नाही, नाहीतर अनुदान गेलं.

गृहपाठ: या रविवारी ओळखीच्या कुणाच्या तरी लागवडीत जा. एक गुंठा दोरीनं आखा. त्यात घाणेरी किती, गवत किती, रोपं किती ते मोजा आणि भाड्याच्या मशीननं तो गुंठा कापा. किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. पुढच्या व्हिडिओत त्याच मिनिटांवरून कोटेशन कसं लिहायचं ते करू.