मालवणचे प्रवाळ कोण जपतं?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नांदेड-लातूरची चार कुटुंबं तारकर्लीला गेलो होतो. स्कूबा करताना गाइडने मुलांना खडकावर पाय टेकू दिला नाही, 'ते जिवंत आहेत' म्हणाला. शेजारच्या होडीवरून मात्र मासे जमावेत म्हणून पाव टाकत होते. तिथले व्यावसायिक प्रवाळ खरंच जपतात का? आणि आपल्या गोदावरी-मांजरेचा त्याच्याशी काही संबंध आहे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नद्यांचं आधी सांगतो. मांजरा पुढे गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपलं पाणी मालवणला जातच नाही. गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाचं मोठं कांदळवन आहे, प्रवाळभिंती मात्र नाहीत. एवढी मोठी नदी जिथे गाळ आणि गोडं पाणी ओतते तिथे प्रवाळांचा टिकाव लागत नाही. त्यांना खारं, नितळ, उजेडाचं पाणी लागतं.

कारण प्रवाळ हे इवल्याशा प्राण्यांचं गाव आहे. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच उजेडावर अन्न तयार करून त्यांना पोसतं. पाणी आठवडेच्या आठवडे नेहमीपेक्षा एखाद्या अंशानेही जास्त तापलं, की हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरे पडतात. गोल दगडासारखे दिसणारे प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतात. तुमच्या मुलाचा पाय तिथे पडला असता, तर कित्येक वर्षांची वाढ एका क्षणात मोडली असती. गाइडने अडवलं ते योग्यच केलं.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातला २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध होता, आणि ती भीती समजण्यासारखी होती. पुढे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्गात जो प्रकल्प झाला, त्यात पोटापाण्याचा विचारही होता. तरुणांना डायव्हिंगचं प्रशिक्षण मिळालं, तुटलेले प्रवाळ पाण्याखाली पुन्हा रुजवण्याचे प्रयोग झाले. वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या महिला मांडवी खाडीत पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवू लागल्या. मला हा उद्योग फार मोलाचा वाटतो. कांदळवन गाळ अडवतं, त्यामुळे ते जपणं म्हणजे समुद्राचं पाणी नितळ ठेवायला हातभार लावणंच आहे.

पण प्रवाळांवर पोट आहे म्हणून ते आपोआप जपले जातात, असं मात्र नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मालवणच्या अभयारण्यातल्या प्रवाळांना हौशी डायव्हिंगमुळे होणारी इजा नोंदवली. गर्दीच्या दिवसांत एकामागून एक पर्यटक उतरवायचे, होडीचा नांगर सापडेल त्या खडकावर टाकायचा, फोटोसाठी प्रवाळाला धरून थांबायचं, असं चाललं तर नुकसान अटळ आहे. पाव टाकणंही वाईटच. शैवाल खरवडून खाणारे मासे प्रवाळांची जागा मोकळी ठेवतात. त्यांना आयत्या खाण्याची सवय लावणं म्हणजे त्यांचं काम बिघडवणं.

प्रवाळ जपायला मोठ्या कारखान्याने हातभार लावल्याचं उदाहरण गुजरातेत मिठापूरला आहे. टाटा केमिकल्स, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि गुजरात वन विभाग यांनी २००८ पासून तिथल्या प्रवाळांसाठी एकत्र काम सुरू केलं. मालवणात असा एकच धनी नाही. अनेक छोटे होडीवाले आणि डायव्हिंगवाले आहेत. एकाने नियम पाळला आणि दुसऱ्याने स्वस्तात माणसं उतरवली, तर पाळणाऱ्याचंच गिऱ्हाईक तुटतं. म्हणून नियम सगळ्यांना सारखे हवेत आणि देखरेख सरकारची हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर बरंचसं गिऱ्हाइकाच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या हातात आहे. मराठवाड्यातून दर हंगामात गाड्या भरून लोक तिकडे जातात. पैसे देण्याआधी विचारा : होडी कायमच्या बोयाला बांधता की नांगर टाकता? एका गाइडबरोबर किती जण उतरवता? खाणं टाकता का? नीट उत्तर देणाऱ्याकडेच जा, चार पैसे जास्त पडले तरी. आणि कुणी प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून विकत असेल, तर घेऊ नका. दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. तक्रारीसाठी महाराष्ट्र वन विभागाचा क्रमांक १९२६ आहे.