मानमोडी येण्याआधी



प्रभू येशूने आपली कळकळ सांगताना पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचा दाखला दिला (मत्तय 23:37). पण मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग आला की त्या पंखांचे काही चालत नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर मी पाहते, गाठीला पैसा नसला की घरची बाई कोंबडी विकून औषध किंवा मुलांच्या वह्या आणते. रोग शिरला की आठवड्याभरात खुराडे रिकामे होते.

हिरवट हगवण, धाप, लुळे पंख, पिळवटलेली मान ही लक्षणे. यावर औषध नाही. लस मात्र आहे. पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात घालावा. सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर आर-टू-बी लस टोचून घ्यावी.

लसीची कुपी बहुधा 100 पक्ष्यांची असते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराला ती एकट्याने परवडत नाही. म्हणून सगळ्या पाड्याने एक दिवस ठरवावा. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून लस बर्फात आणावी आणि पहाटे, कोंबड्या सोडण्यापूर्वी, घरोघर द्यावी. आजारी पक्ष्याला देऊ नये.

मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नका. चुना घालून खोल पुरा. आजारी कोंबडी बाजारात नेऊ नका. तिच्याबरोबर रोग शेजारच्या पाड्यावर जातो आणि तिथल्या मुलांच्या वह्या अडतात. शेजाऱ्यावरची प्रीती इथेही दिसली पाहिजे.

येत्या प्रार्थनासभेनंतर आपल्या पाड्याचा दिवस ठरवा.