घटक ५ : नवागतांसाठी मार्गदर्शक संकेतस्थळ – प्रश्नाची भाषा आणि उत्तराची भाषा

५.१ प्रास्ताविक

महाविद्यालयात किंवा विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला प्रवेश, शुल्क, ग्रंथालय, वसतिगृह, परीक्षा यांची वाट दाखवणारे एक छोटे संकेतस्थळ कसे घडवावे, याचा विचार आपण या घटकात करणार आहोत. हे काम संगणक विभागाचे. मराठीच्या विद्यार्थ्याचा त्याच्याशी काय संबंध, अशी शंका तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. माझा अनुभव मात्र वेगळा आहे. तांत्रिक भाग आता फारसा अवघड राहिलेला नाही. अशी संकेतस्थळे अडतात ती बहुधा शब्दांपाशी.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातील एक विद्यार्थी एम.ए.च्या प्रवेशासाठी आला. जोडावयाच्या कागदपत्रांत ‘स्थलांतर प्रमाणपत्र’ अशी नोंद होती. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाताना आधीच्या विद्यापीठाकडून हा कागद घ्यावा लागतो. परंतु ‘स्थलांतरित’ हा शब्द त्याने शाळेत ऐकला होता तो ऊसतोडणीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांतील मुलांसंबंधी. त्याने तो रकाना रिकामा सोडला. पहिल्या सत्राचा निकाल राखून ठेवला गेला, तेव्हा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, आमच्या घरचे आता तोडणीला जात नाहीत, म्हणून मी ते जोडलं नाही.” त्याने चुकीचा अर्थ लावला, असे मी म्हणणार नाही. त्याच्या अनुभवात त्या शब्दाचा जो अर्थ होता, तोच त्याने लावला. चूक असेल तर ती केवळ शब्द छापून थांबणाऱ्या यादीची.

५.२ नामांची यादी आणि क्रियापदांचे प्रश्न

बहुतेक शैक्षणिक संकेतस्थळांचा मुख्य भाग पाहा : पात्रता विभाग, परीक्षा विभाग, विद्यार्थी कल्याण, शिष्यवृत्ती. ही सारी नामे आहेत; किंबहुना ती कार्यालयातील दारांवरच्या पाट्याच आहेत. नवागताजवळ मात्र नाम नसते, वाक्य असते. “दोन विषय राहिले, पुढच्या वर्षाला बसता येईल का?” असे तो विचारतो. कार्यालय याला ‘ए.टी.के.टी.’ म्हणते, वरच्या वर्गातील मुले ‘केटी’ म्हणतात. नवागताला यांपैकी एकही शब्द ठाऊक नसतो आणि शब्द ठाऊक नसेल तर यादीत शोधायचे तरी काय? एकाच गोष्टीभोवती अशा तीन प्रयुक्ती असतात. त्यांतील तिसरी, म्हणजे नवागताची, कोणी कधी लिहून ठेवलेली नसते.

म्हणून या कामाचा आरंभ संगणकापासून नव्हे, वहीपासून करावा. प्रवेशाच्या दिवसांत खिडकीजवळ बसून विचारले जाणारे प्रश्न जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. व्याकरण सुधारू नये, बोली बदलू नये. “एल.सी. कुठं मिळती?” हे तसेच लिहावे. आमच्या विभागातील विद्यार्थ्यांनी असे प्रश्न गोळा केले, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी नकळत सगळे प्रश्न प्रमाण मराठीत ‘शुद्ध’ करून आणले होते. ते बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागले.

मग कार्यालयीन शब्द टाकून द्यावा काय? मुळीच नाही. शेवटी अर्जावर ‘स्थलांतर प्रमाणपत्र’ असेच लिहावे लागते. संकेतस्थळावर प्रश्न विद्यार्थ्याच्या भाषेत असावा आणि उत्तराच्या पहिल्याच ओळीत कार्यालयाचा शब्द अर्थासह यावा. स्थळांच्या नावांनाही हेच लागू होते. पुण्याच्या विद्यापीठात ‘जयकर ज्ञानस्रोत केंद्र’ शोधणाऱ्याला वाटेत कोणी ‘ते काय, जयकर’ असे सांगितले, तर ती एकच इमारत आहे हे त्याला आधी कळलेले असावे.

५.३ शोधपेटीतील मराठी

शोधपेटीत मराठीचे रूपवैशिष्ट्य आडवे येते. ‘दाखला’ या शब्दाला प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते : दाखल्याची, दाखल्यासाठी. अक्षरास अक्षर जुळवणाऱ्या साध्या शोधाला ‘दाखल्यासाठी’ या शब्दात ‘दाखला’ सापडत नाही. केवळ ‘दाखल’ एवढेच जुळवावे, तर ‘अर्ज दाखल करणे’ ही भलतीच नोंदही समोर येते. यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीमागे तिची नेहमीची रूपे व पर्यायी शब्द लिहून ठेवणे. त्यांत रूढ अशुद्ध लेखनही घ्यावे. प्रमाण लेखन ‘वसतिगृह’ असले तरी असंख्य जण ‘वसतीगृह’ लिहितात आणि पुष्कळ जण सरळ ‘हॉस्टेल’. शोधपेटी ही शुद्धलेखनाची परीक्षा नव्हे.

आणखी एक अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो : नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांपासून. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘दुसऱ्या सत्राचा निकाल’ शोधणाऱ्याला ‘काहीही आढळले नाही’ असे उत्तर मिळण्यामागे हेही कारण असू शकते. परिपत्रकाचे केवळ छायाचित्र चढवले असेल, तर साध्या शोधाला त्यातील एकही शब्द सापडत नाही.

५.४ उत्तराचे वाक्य

‘विहित नमुन्यातील अर्ज विहित मुदतीत सादर करण्यात यावा.’ या वाक्यात कर्ता नाही. ‘विहित’ दोनदा आहे, पण नमुना कोणता आणि मुदत कोणती, हे एकदाही नाही. उत्तर लिहिताना कोणी, काय, कोठे, केव्हापर्यंत आणि सोबत काय न्यायचे, हे आलेच पाहिजे. तुमच्यापैकी अनेकांना अभ्यासकेंद्रावर जाण्यासाठी रजा काढावी लागते किंवा दिवसाचा रोज बुडवावा लागतो. ‘मूळ प्रत सोबत आणा’ हे तीन-चार शब्द राहून गेले, तर दुसरी फेरी पडते. प्रत्येक उत्तराखाली ते शेवटचे कधी तपासले, ती तारीखही द्यावी. गतवर्षीची मुदत सांगणारे पान असण्यापेक्षा ते नसलेले बरे.

सरावासाठी

१. पुढील संपर्कसत्राच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर कानांवर पडलेले दहा प्रश्न बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहून काढा. प्रत्येकासमोर त्यासाठीचा कार्यालयीन शब्द लिहा. जेथे असा शब्द सापडत नाही, ती जागा कोरी ठेवा.

२. ‘गुणपत्रिका’ आणि ‘परीक्षा’ या शब्दांची शोधासाठी लागणारी रूपे व पर्याय नोंदवा.

३. तुमच्या स्वतःच्या प्रवेशाच्या वेळी न कळलेला एखादा शब्द आठवा. त्याचा अर्थ तुम्हाला शेवटी कोणी सांगितला, हे चार ओळींत लिहा.