मोटारीतली पोकळी कामाला कशी लागते?

खोपोली मागे टाकून मोटार बोरघाट चढू लागते. चढ उभा आहे, गाडीत माणसे भरलेली आहेत. चालक ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो. इंजिन मिनिटाला सुमारे २५०० फेरे घेत आहे. या क्षणी काही मोटारींच्या इंजिनात एक छोटी झडप घट्ट मिटलेली असावी लागते. ती सुटली तर चढावर गाडीचा जोर कमी पडतो. ही झडप मिटून धरण्याचे काम बऱ्याच गाड्यांत रबराची एक बारीक नळी करते. त्या नळीत तेल नसते, तार नसते. असते ती केवळ विरळ हवा. विरळ हवेने एवढे जोराचे काम कसे करावे? विद्यार्थिमित्रांनो, या लेखात आपण त्याचेच उत्तर शोधू.

नळी लांब हवी की आखूड?

प्रथम ही झडप कशासाठी असते ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनात हवा आधी एका पेटीत येते आणि तेथून प्रत्येक सिलिंडरकडे वेगळ्या नळीने जाते. पेटी व नळ्या मिळून जो भाग होतो त्याला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. दट्ट्या खाली जाऊ लागला की सिलिंडरमधील दाब कमी होतो आणि हवा आत धावते.

पण हवा गुपचूप आत जात नाही. दट्ट्या खाली सरकताच कमी दाबाची एक लाट नळीतून पेटीकडे निघते. तिचा वेग ध्वनीइतका, म्हणजे कोमट हवेत सेकंदाला सुमारे ३५० मीटर असतो. पेटीशी नळीचे तोंड मोकळे असते. मोकळ्या तोंडावरून परावर्तन होताना लाट उलटते. गेलेली लाट कमी दाबाची होती, परतणारी जास्त दाबाची असते. आत येण्याची झडप बंद होण्यापूर्वी ही लाट सिलिंडरपाशी पोचली, तर ती जास्तीची थोडी हवा आत कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जाळता येते आणि इंजिनाचा पीळ, ज्याला गॅरेजमध्ये टॉर्क म्हणतात, तोही वाढतो.

आता एक गणित करू. समजा, इंजिनाचा पाव फेरा होईपर्यंत लाट जाऊन परत यायला हवी. मिनिटाला ३००० फेरे असतील तर एका फेऱ्याला २० मिलिसेकंद आणि पाव फेऱ्याला ५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात लाट १.७५ मीटर अंतर कापते. जाणे आणि येणे मिळून हे अंतर असल्यामुळे नळीची लांबी त्याच्या निम्मी, सुमारे ८८ सेंटिमीटर हवी. फेरे ६००० झाले की वेळ निम्मा होतो, आणि हवी असलेली लांबीही निम्मी, म्हणजे ४४ सेंटिमीटर होते. प्रत्यक्षात एवढी लांब नळी बसवायला जागा नसते. म्हणून पुष्कळ इंजिनांत लाटेला दोन-तीनदा ये-जा करू देतात आणि आखूड नळीवर भागवतात. नियम मात्र तोच राहतो : फेरे कमी असताना नळी लांब हवी, फेरे जास्त असताना आखूड.

अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९६० साली आपल्या ३००-एफ या मोटारीला सुमारे ७६ सेंटिमीटर लांबीच्या नळ्या बसवल्या होत्या. त्या इंजिनाचा सर्वाधिक पीळ मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या वेळी मिळे. त्याच इंजिनाचा दुसरा एक प्रकार होता. त्यात नळ्यांची परिणामी लांबी निम्मी ठेवली होती. तेथे सर्वाधिक पीळ ३६०० फेऱ्यांना मिळे, आणि शक्ती ३७५ वरून ४०० अश्वशक्तीवर गेली होती. ग्राहकाला दोहोंपैकी एकच निवडावे लागे. एकाच इंजिनात दोन्ही लाभ हवे असतील तर धावत्या गाडीत नळीची लांबी बदलायला हवी. आपली छोटी झडप हेच करते. ती मिटलेली असली की हवेला लांबचा रस्ता घ्यावा लागतो, उघडली की जवळचा मिळतो.

पोकळी येते कोठून?

ही झडप फिरवायला जोर लागतो आणि तो जोर इंजिनातच फुकट पडून असतो. ॲक्सिलरेटर सोडलेला असताना हवेच्या वाटेवरील थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. दट्ट्या हवा मागत राहतात, पण ती पुरेशी मिळत नाही. त्यामुळे थ्रॉटलच्या पलीकडे, मॅनिफोल्डमध्ये, दाब खूप उतरतो. गॅरेजमध्ये याला ‘व्हॅक्यूम’ म्हणतात. पूर्ण निर्वात तेथे नसतोच, हवा फक्त विरळ झालेली असते.

तळेगाव दाभाडे समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरहून थोडे अधिक उंच आहे. येथे वातावरणाचा दाब सुमारे ९४ किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याच्या साधारण ७० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. मुंबईत तो ७६ सेंटिमीटरच्या आसपास असतो. जागच्या जागी चालू असलेल्या इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये दाब ३५ किलोपास्कलपर्यंत उतरतो असे धरा. म्हणजे आतल्या-बाहेरच्या दाबात जवळजवळ ६० किलोपास्कलचा फरक पडला.

आता एक चपटी डबी घ्या. तिच्या मध्ये रबराचा पडदा ताणून बसवलेला आहे. पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा आहे, दुसऱ्या बाजूला नळीने जोडलेली विरळ हवा आणि एक स्प्रिंग. पडद्याला जोडलेली दांडी झडप फिरवते. पडद्याचा व्यास ५ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर होते. ६० किलोपास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ६ न्यूटन. गुणाकार केला की सुमारे ११८ न्यूटन बल येते. बारा किलोग्रॅम वजन उचलायला लागेल एवढा हा जोर आहे! लहानशी झडप फिरवायला तो भरपूर झाला.

येथे एक गोष्ट मनात पक्की करा. पोकळी पडद्याला ओढत नाही. ओढायला तेथे आहेच काय? पडद्याला ढकलते ती बाहेरची हवा. आतला प्रतिकार कमी झाला, म्हणून तिचे ढकलणे दिसू लागते, एवढेच. टॉरिचेलीने १६४३ साली पाऱ्याच्या नळीतून शिकवलेला धडाच मोटारीत कामाला लागला आहे.

खरी अडचण

वर्गात हा भाग शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की थ्रॉटल सताड उघडतो. मग मॅनिफोल्डमध्ये पोकळी उरेलच कशी?” प्रश्न अगदी नेमका होता. थ्रॉटल पूर्ण उघडला की हवा मोकळेपणी आत येते आणि मॅनिफोल्डमधील दाब जवळजवळ बाहेरच्याइतका होतो. जोर हवा असतो नेमका तेव्हाच जोराचा साठा आटतो!

यावरचा उपाय आपण घरी रोज करतो. नळाला पाणी असते तेव्हा आपण पिंप भरून ठेवतो. मोटारीतही एक छोटे पिंप असते, मात्र ते रिकामे करून ठेवलेले असते. इंजिन हलक्या कामावर असताना त्यातील हवा मॅनिफोल्डकडे काढून घेतली जाते. वाटेत एकमार्गी झडप असते. ती हवेला टाकीबाहेर जाऊ देते, परत येऊ देत नाही. त्यामुळे मॅनिफोल्डमधील दाब वाढला तरी टाकीतील हवा विरळच राहते.

हा साठा किती पुरतो ते बॉइलच्या नियमाने काढू. समजा, टाकी ५०० घनसेंटिमीटरची असून आत ३५ किलोपास्कल दाब आहे. पडद्यामागची जागा २० घनसेंटिमीटरची असून तिच्यात ९४ किलोपास्कलची हवा आहे. दोन्ही जोडल्या की

दाब = (५०० × ३५ + २० × ९४) ÷ ५२० = सुमारे ३७ किलोपास्कल.

दाब वाढला तो जेमतेम दोन किलोपास्कलने. पाच वेळा अशी उघडझाप झाली तरी बाहेरच्या हवेशी सुमारे ४८ किलोपास्कलचा फरक शिल्लक राहतो. हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा.

पडदा केव्हा टाकीला जोडायचा आणि केव्हा बाहेरच्या हवेला, हे विजेवर चालणारी एक तीन-तोंडी झडप ठरवते. तिला हुकूम देतो इंजिनाचा संगणक, फेरे आणि थ्रॉटलची स्थिती पाहून. फेरे वाढले की तो पडद्यामागे बाहेरची हवा सोडतो, स्प्रिंग पडदा मागे ढकलते आणि हवेला आखूड वाट मोकळी होते. टोयोटाच्या अनेक इंजिनांत अशी पोकळीवर चालणारी रचना आहे. काही कंपन्यांच्या रचनेत क्रम उलटा असतो.

नळीला चीर पडली तर?

मुंबई-पुणे मार्गावरील आगगाड्यांना पूर्वी निर्वात ब्रेक असत. गाडीभर गेलेल्या नळीत पोकळी असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहत. कोणी साखळी ओढली किंवा नळी तुटली की हवा आत शिरे आणि ब्रेक आपोआप लागत. आता त्यांच्या जागी दाबाच्या हवेवर चालणारे ब्रेक आले आहेत. पण त्या रचनेतला शहाणपणा लक्षात घ्या : बिघाड झालाच तर गाडी थांबावी, अशी योजना आधीच केलेली होती.

आपल्या मॅनिफोल्डचेही असेच आहे. रबरी नळी उन्हा-तापाने कडक होऊन चिरली की पडदा हलत नाही आणि स्प्रिंगने ठरवलेली वाट तेवढी उरते. इंजिन बंद पडत नाही. फक्त चढावर जोर कमी लागतो, किंवा चिरेतून जादा हवा शिरून इंजिन जागेवर असताना अडखळते. कारण न समजल्यास महागडे सुटे भाग बदलले जातात आणि दोष तसाच राहतो. तत्त्व जाणणारा कारागीर आधी पोकळी मोजण्याचा काटा लावतो, हातपंपाने पडद्यामागची हवा काढतो आणि दांडी हलते का, काटा स्थिर राहतो का, ते पाहतो. तळेगाव, चाकण, पिंपरीच्या पट्ट्यात मोटारीच्या कामावर पोट असलेली हजारो घरे आहेत. तुमच्यापैकीही काही जण या धंद्यात जातील. त्यांना हा फरक उपयोगी पडेल.

करून पाहा

सुई नसलेली, न वापरलेली २० मिलिलिटरची सिरिंज घ्या. दट्ट्या पूर्ण आत ढकलून तोंड बोटाने घट्ट बंद करा. दट्ट्याला स्प्रिंगकाटा अडकवून सावकाश ओढा. आरंभी बल झपाट्याने वाढेल, पण पुढे आणखी ओढले तरी ते जवळजवळ तेवढेच राहील. पोकळी ओढत असती तर ती वाढत गेल्यावर बलही वाढायला हवे होते. ते वाढत नाही, कारण विरुद्ध बाजूने वातावरण ढकलते आहे आणि त्याच्या जोराला मर्यादा आहे. सिरिंजचा आतला व्यास २ सेंटिमीटर असल्यास तळेगावात हे बल सुमारे २९ न्यूटन येईल. घर्षणामुळे थोडे अधिक दिसेल.

डिझेल इंजिनात हवा अडवणारा थ्रॉटल सहसा कामाला लावत नाहीत, म्हणून तेथे पोकळीसाठी वेगळा पंप लागतो. पुष्कळ नव्या पेट्रोल मोटारींत पडद्याची जागा विजेच्या मोटरने घेतली आहे, आणि विजेवर धावणाऱ्या मोटारीला तर इनटेक मॅनिफोल्डच नसतो. तरीही हे तत्त्व जुने होत नाही. कोठेही काही ‘शोषले’ जाताना दिसले की स्वतःला विचारा : पलीकडून ढकलते कोण?

विचार करण्यासाठी : तीच मोटार महाबळेश्वरला नेली, तर पडद्यावरील बल वाढेल की घटेल? का?